दादाचं लोखंडी घोडं

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, पायगाडी बुडाली ती माझ्यामुळे. आमच्या घरात ही हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की प्रत्येकाने तिच्यात आपल्या पदरचं काहीतरी घातलं आहे. परवा माझी धाकटी सून नातवंडांना सांगत होती, तेव्हा तिने खाडीत चक्क मगर सोडली. मी आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं की मगर नव्हती. पण पोरांना मगर हवी होती, त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. म्हणून आता लिहूनच ठेवतो. मगर नव्हती, चोर नव्हता, दैवाचाही काही दोष नव्हता. सोळा वर्षांचा मी होतो आणि माझी अक्कल होती.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहत होतो. आता तिथे वकिलांच्या पाट्या आणि दवाखाने दिसतात. तेव्हा घरामागे भाताची खाचरं होती आणि दिवेलागणीला कोल्हे ओरडत. घर बेताचं, पण आवाज भरपूर. पहाटे विहिरीच्या रहाटाची कुरकुर, मग आईच्या पाट्यावर खोबरं-मिरची वाटल्याची घसघस, आणि त्या सगळ्यावर तात्यांचं पंचांग. तात्या म्हणजे आमचे वडील. कचेरीतून पेन्शनीत निघाल्यापासून ते पंचांगाचीच नोकरी करत होते. सकाळी ओटीवर बसून तिथी, वार, नक्षत्र, योग, करण असं खड्या आवाजात वाचायचे, ते चौथ्या घरापर्यंत ऐकू जायचं. न्हाव्याला बोलवायचं, लोणचं घालायचं, मांजराची पिल्लं लांब नेऊन सोडायची, सगळ्याला मुहूर्त. आई म्हणायची, "अहो, बिरडं शिजायला नक्षत्र लागत नाही, सरपण लागतं." तात्या सरपण आणायला मला पिटाळत आणि पुन्हा पंचांगात डोकं घालत. आईचं ते वालाचं बिरडं, नारळाच्या रसातलं, वर हिरवीगार कोथिंबीर... मी सध्या पथ्यावर आहे, तेव्हा हे वाक्य इथेच सोडलेलं बरं.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमच्या दोघांमध्ये एक बहीण होती, मथू. ती चार वर्षांची असताना देवीच्या साथीत गेली. तेव्हापासून दादाच्या डोक्यात एकच होतं, आपण देवी काढणारा व्हायचं. आजच्या पोरांना सांगायला हवं म्हणून सांगतो: लहान मुलांच्या दंडावर चार ओरखडे काढून त्यात लस भरायची, म्हणजे पुढे देवीचा रोग होत नाही. या कामासाठी सरकारने गावोगाव हिंडणारी माणसं ठेवली होती आणि ती येताना दिसली की गावंच्या गावं ओस पडत. दंड फोडला की देवी कोपते अशी समजूत, त्यामुळे आया पोरांना भाताच्या कणगीत लपवून वर झाकण ठेवत. दादा त्या कामाची परीक्षा पहिल्या नंबराने पास झाला आणि मग तीन वर्षं घरी बसून राहिला. नेमणुकीच्या कागदात एक अट होती: उमेदवाराजवळ स्वतःचं घोडं असावं.

घोडं आणि दादा यांचं काही केल्या जमलं नाही. प्रयत्न झाले. तात्यांच्या एका स्नेह्यांचं तट्टू आणलं होतं. ते दादाला पाठीवर घेऊन थेट गवताच्या वखारीत गेलं आणि दुपारपर्यंत तिथेच चरत राहिलं. दादा दुपारपर्यंत वर बसून होता, कारण उतरायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी, ज्यांच्या मुलाला तो गणित शिकवायचा, त्या पारशी गृहस्थांची क्वेट्ट्याला बदली झाली आणि जाताना ते आपली पायगाडी दादाला देऊन गेले. आता सगळे सायकल म्हणतात, आम्ही पायगाडी म्हणायचो. दादाने दुसऱ्याच दिवशी देवीखात्याच्या साहेबाला अर्ज लिहिला, की हेही घोडंच समजावं. हे दाणा मागत नाही, लाथ मारत नाही आणि याला मोतद्दार लागत नाही. लाथेबद्दलचं म्हणणं पहिल्याच आठवड्यात खोटं पडलं. दादाच्या नडगीवर पॅडलचा असा फटका बसला की तो पंधरा दिवस लंगडत होता. पण अर्ज गेलेला होता.

उत्तर यायला चार महिने लागले आणि ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. दर रविवारी आम्ही दोघे निघायचो. आई फडक्यात दशम्या, सुकटीची चटणी आणि लोणच्याची फोड बांधून द्यायची. कधी घोडबंदरच्या रस्त्याने कोलशेतच्या खाडीकाठी, कधी माजिवड्याच्या पुढे ओढ्याच्या डोहावर. त्या डोहात दादाने माझ्या कमरेला सुके नारळ बांधून मला पोहायला शिकवलं. गाडी एक आणि माणसं दोन, म्हणून एकाने बसायचं, एकाने चालायचं, मैलभराने बदली. पण आमच्याकडे रीत अशी, की वडीलधारं माणूस दिसलं की वाहनावरून उतरून नमस्कार करायचा. उतरणं सोपं होतं, दादा बहुधा पडतच उतरायचा. चढवायला मात्र मला मागून धरून वीस पावलं धावत ढकलावं लागे. आणि ठाणं हे त्या काळी वडीलधाऱ्यांनी गच्च भरलेलं गाव. तलावपाळीवरून जाताना दादा सात-सात वेळा उतरायचा. चरईतले एक अण्णा तर रविवारी मुद्दाम ओट्यावर येऊन बसत, दादाला उतरवायला. नमस्कार झाला की म्हणत, "चालू दे, चालू दे," आणि तो वीस पावलं गेला की मागून हाक मारत, "अरे, तात्यांना माझा निरोप सांग हं." दादा पुन्हा उतरे. परिणाम असा, की बसणारा दादा आणि चालणारा मी नेहमी एकाच वेळी पोचायचो.

माघात साहेबाचं पत्र आलं. आठवडाभर आपला मुक्काम कल्याणच्या वेशीवरच्या बंगल्यात आहे, कोणत्याही दिवशी दुपारी चारला तुमचं घोडं घेऊन हजर व्हा, पाहून ठरवू. पुढच्या मुक्कामाआधी जागा भरायची आहे, हेही शेवटी लिहिलं होतं. दादाने ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं. तात्यांनी लगेच पंचांग उघडलं आणि पौर्णिमा काढून दिली. आता एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्या घरात तिथी माहीत नाही असा एक जीव नव्हता. मांजरालासुद्धा एकादशी कळायची, कारण त्या दिवशी मासळी नसे. पण तिथीचा पाण्याशी काही संबंध असतो, हे जन्मभर खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहून आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कोणाला विचारलं नव्हतं.

पौर्णिमेला पहाटे निघालो. आईने हँडलला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू सटकलं, चाक सटकलं, दादा ओटीच्या पायरीवर बसला. तात्या म्हणाले, "हा अपशकुन नव्हे, हा मुहूर्ताच्या आधीच निघाल्याचा परिणाम आहे. अजून अडीच पळं आहेत." अडीच पळं थांबलो. कळव्याच्या तरीने खाडी ओलांडली, मुंब्र्याच्या डोंगराखालून गाडीवाटेला लागलो. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडी, मध्ये कापणी झालेली शेतं आणि ओळखीचं वडीलधारं माणूस मैलोन् मैल नाही. दादा जो सुटला तो सुटलाच. मुंब्र्याच्या रेतीवर एकदा पाण्यात उतरलो, पुढे एका झऱ्यावर दशम्या खाल्ल्या, दिव्याजवळ पुन्हा एकदा डुंबलो. घाई नव्हतीच, चारला अवकाश होता.

कोपरच्या अलीकडे एक म्हातारी कोळीण डोक्यावर पाटी घेऊन समोरून आली. बरोबर सातेक वर्षांची नात होती. दादाने गाडी हळू केली. मी मागून म्हणालो, "दादा, हिच्यासाठी उतरायचं?" तो म्हणाला, "वय झालंय तिचं," आणि उतरला. म्हणजे पडला. उठून नमस्कार केला. म्हातारी पाटी सावरत त्याच्याकडे बघतच राहिली. मग नातीला म्हणाली, "बायडे, चल गो, येरा हाय." येरा म्हणजे वेडा आणि तिचं नाव हिरूबाय, ही दोन्ही माहिती नंतर कळली.

कोपर म्हणजे तेव्हा खाडीकाठची वीस-पंचवीस घरं. गावाबाहेर खाडी वळते तिथे रेतीचा लांबच लांब पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर एक होडी कलंडून पडली होती. दहा वाजले असतील. कल्याण तिथून दोन कोस. दादा म्हणाला, इथेच मनसोक्त पोहू, जेवू, अंग सुकवू आणि साहेबापुढे ताजेतवाने जाऊ. गाडीचं काय करावं? पारशीबाबांनी बजावलं होतं की रबराला ऊन लागू देऊ नका, फुटतं. काठावर ऊन होतं. तेव्हा मी, आमच्या घरातला हुशार मुलगा, म्हणालो, "दादा, होडीच्या सावलीत ठेवू. ओल्या रेतीत रबर गार राहील." आणि कोणी पळवू नये म्हणून दादाचं उपरणं घेऊन ती मी होडीच्या कडीला तीन गाठी मारून पक्की बांधली. दादा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "डोकं चालतं हं तुझं, बाळू."

आम्ही वळणाच्या पलीकडे गेलो. तिथे उंच काठावर करंजाचं झाड होतं, त्याच्या फांदीला कपडे अडकवले आणि पाण्यात उतरलो. पाणी सुरुवातीला कमरेपर्यंत होतं, मग छातीपर्यंत झालं, मग माझे पाय टेकेनात. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. मी ओरडलो, "दादा, कसलं पाणी वाढलंय बघ." दादा उताणा तरंगत म्हणाला, "दिवसच चांगला आहे आज." आम्ही त्या वाढत्या पाण्यात तासभर डुंबलो, बाहेर येऊन उरलेल्या दशम्या खाल्ल्या आणि करंजाखाली गाढ झोपलो. असं दोन शहाण्या माणसांनी केलं, ज्यांच्या बापाने तीच तिथी पंचांगातून काढून दिली होती.

जागा झालो तो हसण्याच्या आवाजाने. वळणापलीकडे गावची पोरं जमली होती. जाऊन पाहिलं तर रेती नव्हतीच. जिथवर दिसेल तिथवर पाणी. होडी मध्ये डौलात तरंगत होती आणि तिच्या कुशीला, कडीला बांधलेलं, पायगाडीचं एक हँडल तेवढं पाण्याबाहेर होतं. आईने लावलेलं कुंकूही त्यावर उरलं नव्हतं.

दादा मला एका शब्दाने रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो काठावर खाली बसला आणि म्हणाला, "तीन वर्षं रे, बाळू." मला तोंड कुठे लपवावं ते कळेना. घोडं गेलं, नोकरी गेली, आणि ती मी तीन गाठी मारून घालवली होती.

तेवढ्यात ती म्हातारी आली, नातीचा हात धरून. होडी तिचीच होती. "कोनाची रं ती गारी?"

"आमची," मी म्हणालो.

"माझ्या होरीला कनी बांधली?"

"मी. चोरीला जाऊ नये म्हणून."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आज तिथ कंची?"

हा प्रश्न आमच्या घरातल्या माणसाला विचारायचा म्हणजे! माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माघ शुद्ध पौर्णिमा, मघा नक्षत्र."

"नक्षेत्रपन ठावं हाय," हिरूबाय जमलेल्या बायांना म्हणाली. मग नातीला म्हणाली, "बायडे, सांग याला."

बायडीने लाजून आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि तिथूनच सांगितलं, "पुनवेला नि अवसेला दुपारचं पानी भरतं." काठावरची सगळी बाया-पोरं हसली. दादाही हसला, पण त्याचे डोळे भरले होते. ते हिरूबायने पाहिलं असावं. पाटी खाली ठेवून ती म्हणाली, "मगाशी माझ्यासाठी गारीवरना उतरलास म्हून सांगतंय. नायतं तटंच बसवला असता. पवता येतं ना? मंग जा. गाठ सोरू नको, गारी तलाला जाईल. नांगराचा दोर वर घे नि होरीच काठाला आन."

आम्ही दोघांनी उड्या टाकल्या. दादाने होडीत चढून नांगर ओढला, मी मागून पोहत ढकलत होतो, आणि हिरूबाय काठावरून आमच्या बुद्धीबद्दल सारखं काहीतरी बोलत होती, ते सुदैवाने पाण्यात नीट ऐकू आलं नाही. काठाला आल्यावर गावच्या गड्यांनी गाडी ओढून वर घेतली. सगळ्या अंगाला गाळ, साखळी गच्च, चाक तसूभर फिरेना. साखळीत एक चिंबोरी नांग्या उगारून अडकली होती. हिरूबायने ती अलगद सोडवली आणि "ही माझी," म्हणून पाटीत टाकली.

दोन वाजून गेले होते. चाक फिरत नाही म्हणजे गाडी उचलून न्यायची. हिरूबायच्या दोन पुतण्यांनी बांबू आणला, गाडी त्याला टांगली आणि खांद्यावर घेतली. त्यांच्यामागे दादा, दादामागे मी. आणि आमच्यामागे हळूहळू कोपरची सगळी पोरं, कारण असलं ध्यान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पोरांच्या मागे त्यांच्या आया. वाटेतल्या प्रत्येक पाड्यावर कोणीतरी विचारी, "काय नेताव?" आणि उत्तर ऐकायला आलेला माणूस मागेच लागे. डोंबिवली ओलांडेपर्यंत आमची वरात झाली होती. कोणीतरी थाळी वाजवायला सुरुवात केली. मी मान खाली घालून चालत होतो.

बंगल्याच्या अंगणात आंब्याखाली साहेब खुर्ची टाकून बसला होता. शेजारी टेबलावर देवी काढायचं सामान मांडलेलं, ज्याच्या अंगावरून ताजी लस घेत ते वासरू झाडाला बांधलेलं, आणि एक चपराशी. दोन दिवस तो असाच बसून होता आणि एक पोर तिकडे फिरकलं नव्हतं, हे आम्हाला चपराशाने मागाहून सांगितलं. साहेब उठून उभा राहिला. दादाने सलाम केला आणि गाळाने भरलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. "साहेब, हे माझं घोडं."

"याला काय झाला?" साहेबाने विचारलं. त्याला मराठी बऱ्यापैकी येत होतं, लिंग तेवढं सांभाळता येत नव्हतं.

दादाला खोटं बोलणं कधीच जमलं नाही, घोड्यावर बसण्याइतकंच. त्याने पोहण्यापासून चिंबोरीपर्यंत सगळं सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. गाडी मी बांधली, असं म्हणाला. साहेब मिशीत हसला, पण मग त्याने टेबलावरचा नेमणुकीचा कागद उचलला. "खरा घोडा असता, तर पाणी आल्यावर आपला आपण वर आला असता."

"होय साहेब."

"मग हा घोडा नाही."

"नाही साहेब," दादा म्हणाला. साहेबाने कागदाची घडी घातली.

हिरूबाय पुढे आली. "काय म्हनतं ह्यो? कामाचं जमलं का?"

"नाही, आजी," दादा म्हणाला.

"काम तरी कंचं?"

आणि त्या शहाण्याने तेही खरंच सांगितलं. देवी काढायचं. एका क्षणात थाळी थांबली. बायांनी पोरांना ओढून मागे घेतलं, दोघी-तिघी तर फाटकाकडे पळाल्यासुद्धा. हिरूबाय जागची हलली नाही. "तू कारनार? तुज्या हातानं?"

"हो. माझी बहीण देवीत गेली, आजी. दुसऱ्या कोणाची जाऊ नये म्हणून."

"भरतीचं तुला कलत नाय. घोऱ्याव तुला बसता येत नाय."

"नाही. हे मात्र येतं."

फाटकाशी गेलेल्या बायाही थांबल्या होत्या. मग बायडी आजीच्या मागून बाहेर आली आणि दादाला म्हणाली, "मना गारीव बसवशील?"

"चाक धुतलं की. अंगणाला पुरी फेरी."

तिने आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली. बायडीने चोळीची बाही वर सरकवली आणि दंड पुढे केला. साहेबाने ते पाहिलं, मग फाटकापर्यंत उभ्या असलेल्या चाळीसेक पोरांकडे पाहिलं. घडी केलेला कागद त्याने पुन्हा उलगडला, चपराशाकडून टाक मागितला आणि घोड्याच्या अटीवर आडवी रेघ मारली. "बसा," तो दादाला म्हणाला आणि स्वतःची खुर्ची पुढे सारली.

दादाने हात धुतले, खुर्चीवर बसला, बायडीचा दंड डाव्या हातात धरला. तिकडे हिरूबायचे पुतणे गाडीवर बादलीने पाणी ओतत होते आणि बायडी टक लावून चाकाकडे बघत होती. चार ओरखडे झाले तरी तिने हूं की चूं केलं नाही. पण माझ्याच्याने आता आवरेना. सकाळपासून आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं आणि सरकारी साहेबापुढे मी हमसून हमसून रडायला लागलो. साहेब घाबरला. त्याने विचारलं, या मुलाला काय झाला?

दादाने मान वर केली नाही. "काही नाही साहेब," तो म्हणाला, "त्याची देवी लहानपणीच काढली आहे. पुढचं मूल येऊ द्या."